बिराप्पाचं कापड

“आणि डाग रंगातच उतरला असेल तर?”

महांतेशनं हे दुसऱ्यांदा विचारलं. शौकत वस्तादांनी मान वर केली नाही. एका पांढऱ्या गाडीच्या दाराशी ते उकिडवे बसले होते आणि घासलेल्या पत्र्यावरून तळहात फिरवत होते. हळू, झोपलेल्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

“किती उतरलाय?”

“खोल.”

“गाडी कुणाची?”

“एका गिऱ्हाइकाची.”

वस्ताद पुन्हा दाराकडं वळले.

जतहून विजापूरला निघालं की गाव संपता संपता उजव्या हाताला शौकत नदाफांचं गॅरेज लागतं. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रे, एक बाक. गाड्यांना रंग देण्यात आणि पॉलिश करण्यात त्यांची सदतीस वर्षं गेली. महांतेश बिराजदार त्यांच्याकडं सहा वर्षं शिकला. त्याचा हात चांगला होता, आणि चांगला आहे हे त्याला जरा लवकरच कळलं होतं. तीन वर्षांपूर्वी एका सोमवारी तो कामावर आलाच नाही. पुढं वस्तादांना दुसऱ्याच कुणाकडून समजलं की स्टँडजवळ काचेच्या दाराचं नवं दुकान झालंय, आत दोन पॉलिशची मशिनं आहेत आणि मालक महांतेश आहे.

तेव्हापासून तो या रस्त्यानं गेला तरी गॅरेजकडं बघत नसे.

आज आला होता. एक प्रश्न विचारायचा, उत्तर घ्यायचं आणि निघायचं, असं ठरवूनच आला होता.

जतचं बोअरचं पाणी जड. चार दिवसांत तांब्याला पांढरी कड धरते. काळ्या गाडीवर ते उन्हात वाळलं की अंगभर टिकल्या उठतात. गावातला हा रोजचाच त्रास, आणि त्याचा उपाय महांतेश इथं पहिल्याच वर्षी शिकला होता.

वस्तादांनी तोच सांगितला. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी. मऊ फडकं भिजवून डागावर नुसतं ठेवायचं. वाट बघायची. घासायचं नाही.

“त्यानं गेला नसता,” महांतेश म्हणाला.

“ठेवून बघितलंस?”

पत्र्यांच्या बाहेर उन्हात एक काळी जीप उभी होती. तिच्याकडं बोट करून वस्ताद म्हणाले, “ही धू.”

महांतेशला राग आला. गेल्या तीन वर्षांत त्यानं स्वतःच्या हातानं गाडी धुतली नव्हती, त्या कामाला त्याच्याकडं माणसं होती. पण विचारायला आलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. त्यानं बाह्या सरसावल्या आणि बादली घेतली. एकदा हात ओले झाल्यावर मात्र ते आपोआप चालू लागले. आधी टप, मग काचा, मग दारं, चाकं सगळ्यात शेवटी. धुऊन झालं तेव्हा बॉनेटमध्ये आभाळ दिसत होतं. तो पुसायला फडकं घ्यायला वळला.

“राहू दे,” वस्ताद म्हणाले. “बस इथं.”

अकरा वाजले होते आणि ऊन चांगलंच तापलं होतं. दोघं बाकावर बसले. पाणी पत्र्यावर थेंब थेंब होऊन थांबलं. थेंब बारीक होऊ लागले. ओली काळी गाडी उन्हात सोडून स्वस्थ बसणं महांतेशला सोसेना. दोनदा तो उठायला गेला. दोन्ही वेळा वस्तादांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

पाव तासात जीप वाळली. बॉनेटभर पांढरट टिकल्या उठल्या होत्या.

“पाणी कुठं गेलं?”

“वाळलं.”

“मग राहिलं ते काय?”

“पाण्यात होतं ते. क्षार.”

“तू धूत होतास तेव्हा डाग होते?”

“नव्हते.”

“मग पडले कधी?”

उत्तर सोपं होतं. कुणीही दिलं असतं. महांतेशच्या जिभेवर ते आलंही, पण तिथंच अडलं.

“...गप्प बसलो तेव्हा,” तो म्हणाला.

वस्तादांनी त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं.

मग महांतेशनं सगळं सांगितलं.

गाडी लहान मुलांच्या डॉक्टर विनया खोत यांची होती. काळी, अकरा वर्षांची, तरी काल शोरूममधून आणल्यासारखी. तशी राहिली होती ती बिराप्पामुळं. बिराप्पा माने म्हणजे त्यांचा ड्रायव्हर. पन्नाशी उलटलेला, अबोल, गाडी घेतली त्याच वर्षी कामाला लागलेला. मागच्या महिन्यात लेकीच्या बाळंतपणासाठी तो चार दिवस गावी गेला, आणि तेवढ्यात वॉचमननं भर दुपारी बोअरच्या पाण्यानं गाडी धुऊन तशीच सोडली. परत आल्यावर ते डाग बघून बिराप्पा कासावीस झाला. स्वतःच गाडी घेऊन महांतेशच्या दुकानात आला. घाई नाही, दोन दिवस ठेवा, पण जपून करा, असं सांगून गेला.

महांतेशनं ती दोन तासही ठेवली नाही. फडकं भिजवा, वाट बघा, हे त्याला जुन्या लोकांचं काम वाटलं. त्यानं घासून डाग काढायचं जाड कंपाउंड घेतलं, मशीन लावलं आणि बॉनेटच्या कडेवर, जिथं रंग मुळातच पातळ असतो, तिथं जोर दिला. हाताखाली काहीतरी बदललं. मशीन उचललं तर तळहाताएवढी जागा मेल्यासारखी दिसत होती. वरचा चकाकीचा थर जळून गेला होता.

त्यानं तिथं तेलकट पॉलिशचा हात मारला. चमक आली. संध्याकाळी गाडी देऊन टाकली.

चार दिवसांत ते तेल उडालं. मग डॉक्टरबाई स्वतः दुकानात आल्या. हे कशानं झालं ते बिराप्पाला सांगता येत नाही, म्हणाल्या. खडे-माती लागलेल्या फडक्यानं कुणी जोर लावून पुसलं तर असं होऊ शकतं का, असं त्यांनी विचारलं.

“तू काय म्हणालास?”

“होऊ शकतं, म्हणालो.”

वस्ताद जीपवरच्या टिकल्यांकडं बघत राहिले.

“खोटं नव्हतं ते, वस्ताद. होऊ शकतं.”

त्या दोन शब्दांवर बिराप्पाचं अकरा वर्षांचं काम सुटलं. तरीही महांतेश इथवर आला नसता. दुकान चालू होतं, दिवस जात होते. पण काल सकाळी बिराप्पा दुकानात आला. भांडायला नव्हे. त्याच्या हातात एक पिशवी होती आणि पिशवीत घडी घातलेलं कापड. जुन्या धोतराचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं.

“म्या ह्येनंच पुसत हुतो,” बिराप्पा म्हणाला होता. “ह्यात माझं काय चुकलं, तेवढं दावा. दुसरीकडं काम लागलं तर तिथं परत तसं नगं.”

आणि महांतेशनं त्याला पुसायला शिकवलं. कापड कसं धरायचं, किती पाण्यात पिळायचं, घडी केव्हा उलटायची. चांगला अर्धा तास शिकवलं. बिराप्पा लक्ष देऊन ऐकत होता. जाताना त्यानं हात जोडले.

एवढं सांगून महांतेश थांबला. रस्त्यानं एक उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरला.

मग महांतेश घाईघाईनं बोलू लागला. त्यानं सगळं ठरवून ठेवलं होतं. काहीतरी निमित्त काढून तो डॉक्टरबाईंचं बॉनेट नव्यानं रंगवून देणार होता. बिराप्पाला आपल्याच दुकानात घेणार होता, मानानं ठेवणार होता. कुणाला काही सांगायची गरज नव्हती. फक्त नवा रंग जुन्या रंगाशी असा मिळायला हवा होता की जोड कुठं आहे ते कळू नये. तसा हात या गावात एकाच माणसाचा होता.

“तेवढं तुम्ही करा, वस्ताद. सगळ्यांचं भलं होईल.”

वस्ताद उठले. बादलीच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. त्यात त्यांनी बोट बुडवलं आणि जीपच्या बॉनेटवरच्या एका पांढऱ्या टिकलीवरून फिरवलं.

टिकली नाहीशी झाली. खाली काळा रंग लखलखला.

“गेला?”

महांतेश बघत राहिला. ओलावा कडेकडेनं आटत आला. आधी एक पुसट कडं दिसलं, मग आख्खी टिकली. होती तिथंच, होती तेवढीच.

वस्तादांनी बोट सदऱ्याला पुसलं, चपला घातल्या आणि महांतेशच्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर जाऊन बसले.

कुठं जायचं, ते महांतेशनं विचारलं नाही.

डॉक्टरबाईंचे सकाळचे पेशंट संपत आले होते. महांतेश टेबलासमोर उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही. मशीन, कंपाउंड, तेलाचा हात, सगळं त्यानं क्रमानं सांगितलं. आपण “होऊ शकतं” म्हणालो तेव्हा आपल्याला काय माहीत होतं, तेही सांगितलं. वस्ताद दाराशी बाकावर बसले होते, तापानं फणफणलेलं पोर घेतलेल्या एका बाईशेजारी. त्यांनी मध्ये एक शब्द घातला नाही.

डॉक्टरबाई चिडतील, असं महांतेशला वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

“मी तुम्हाला विचारलं,” त्या म्हणाल्या. “त्यांना धड विचारलंच नाही.”

मग त्यांनी बिराप्पाचं घर कुठं आहे ते विचारलं. अकरा वर्षं तो त्यांना घरी सोडत होता, त्याचं घर मात्र त्यांना माहीत नव्हतं. वस्तादांना ते माहीत होतं, त्यांनी दारातूनच खुणा सांगितल्या. संध्याकाळी जाते, बाई म्हणाल्या. आधी मला जाऊ द्या, एवढंच महांतेश म्हणाला.

बिराप्पा घरासमोर शेजाऱ्याचा टेम्पो पुसत होता.

महांतेशनं मोटारसायकल लांबच थांबवली. बिराप्पाचा हात त्याला दिसत होता. काल शिकवलं होतं अगदी तसंच चाललं होतं. हलका दाब, एकाच दिशेनं, चार हातांनंतर घडी उलटायची. चुकलं असं वाटलं की तो थांबायचा, आठवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

वाटेत जुळवलेली वाक्यं महांतेशनं सोडून दिली.

“मामा,” तो म्हणाला, “बॉनेट मी जाळलं. मशीननं. तुमचा त्यात काही दोष नव्हता.”

बिराप्पाचा हात टेम्पोवर तसाच राहिला.

“डॉक्टरबाईंना आत्ता सांगून आलो.”

बिराप्पानं हातातल्या कापडाकडं बघितलं. उलटं करून बघितलं.

“म्हंजे ह्ये बरोबर हुतं?”

“बरोबर होतं.”

“आन् हात?”

“हातही.”

बिराप्पानं कापड झटकलं, चार पदरी घडी घातली आणि घरात गेला. दार लावलं नाही, पण या असंही म्हणाला नाही. महांतेश आणि वस्ताद उन्हात उभे राहिले. आतून भांड्याचा आवाज आला. बिराप्पाची बायको दारापर्यंत आली, महांतेशला बघून तशीच परत गेली. पाणी कुणी आणलं नाही. बिराप्पा बाहेर आला नाही.

त्या संध्याकाळी डॉक्टरबाई त्याच्या घरी जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी बिराप्पा कामावर परत गेला. पण महांतेशशी तो पुढं बरेच महिने बोलला नाही, आणि बॉनेटवरची ती जागा रंगवू नका, राहू द्या, असं डॉक्टरबाईंनीच सांगितलं. हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी महांतेश वस्तादांना गॅरेजवर सोडायला आला. वस्ताद उतरून आत गेले, पांढऱ्या गाडीच्या दाराशी पुन्हा उकिडवे बसले आणि पत्र्यावर तळहात ठेवला. महांतेश बाहेरच घुटमळत राहिला. मग चपला काढून पत्र्यांखाली आला आणि त्यांच्या बाजूला जमिनीवर बसला.

माझं काहीच शिकून झालेलं नाही, तो म्हणाला. दुकान काही दिवस बंद ठेवतो. उद्यापासून इथं येतो, झाडलोट करायला सांगितली तरी करतो.

वस्तादांचा हात पत्र्यावरून फिरत होता.

“परत घ्याल मला, वस्ताद?”

“माझ्याकडं शिकायला काय आहे?” वस्ताद म्हणाले. “बिराप्पाला विचार, तो घेतोय का.”