अपूर्णांकांचा तास

“...मग वर्ग कुणासाठी चालू ठेवलाय, सर?”

मी दारातूनच विचारलं. चौगुले सर फळ्यापाशी होते, समोर सतरंजीवर सातवीची पोरं.

सर चाळीस वर्षं कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. तेव्हापासून जुन्या दूध डेअरीच्या खोलीत रोज सकाळी पोरांना फुकट शिकवतात. माझा उदयदादा लहानपणी याच वर्गात शिकलेला. आता रोज नोकरीवर जाण्याआधी तोही इथं येऊन शिकवायचा. सात दिवसांपूर्वी इथंच यायला निघाला, आणि कारखान्याच्या वळणावर ट्रकनं त्याला उडवलं.

“तुमच्या वर्गापायी गेला तो.”

“होय,” सर म्हणाले.

मला वाटलं होतं, ते काहीतरी बाजू मांडतील. मी फळ्यावरचं सगळं शर्टाच्या बाहीनं पुसून टाकलं. म्हणालो, आजपासून हे बंद. कुणी हललं नाही.

“तू शाळा का सोडलीस, संपत?”

“अपूर्णांक जमेनात.”

मागून कुणीतरी हसलं. सरांनी खडू माझ्यापुढं धरला.

“अर्धा अधिक एक तृतीयांश.”

रागारागात मी लिहिलं... दोन पंचमांश. पुन्हा हसू. मी खडू टाकून निघालो, तर पुढं बसलेली निलोफर म्हणाली, “दादा, ज्याचं चुकतं त्यानंच समजावून सांगायचं असतं इथं. माझंबी तेवढंच आलंय.”

सर म्हणाले, “दोन पंचमांश अर्ध्याहून मोठे की लहान?”

मी वेल्डिंग करतो. पाच फुटी लोखंडी गज डोळ्यांपुढं आणला. त्यातले दोन फूट म्हणजे अर्ध्यालाही कमीच.

“लहान.”

“अर्ध्यात भर घातली आणि कमी झालं?”

मी खडू उचलून फळ्यावर सहा फुटी गज काढला. निलोफरला म्हणालो, हे बघ, अर्धा म्हणजे तीन फूट. तिसरा हिस्सा दोन फूट. जोडले तर किती?

“पाच.”

“सहातले पाच,” मी म्हणालो.

तिनं आपलं खोडलं आणि नवं लिहिलं. शेजारच्या दोघांनीही खोडलं.

पोरांसमोर मी भिंतीकडं तोंड करून रडलो. सरांनी अडवलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. पोरांना पुढचं गणित घातलं.

डोळे पुसून मी म्हणालो, “दादाला येत होतं हे सगळं.”

“पहिल्यांदा त्याचंही दोन पंचमांशच आलं होतं.”

“सर, मी वर्ग बंद करायला आलोय.”

“ते परवा बघू... अपूर्णांकांचा भागाकार येतो का तुला?”

“नाही.”

“मग उद्याचा तास तुझा.”