न वाकणारी जीप

जव्हारच्या घाटात सुगंधाचं गॅरेज होतं. एके दिवशी तिथे पुढारी धैर्यशीलराव जीप घेऊन आले.

"सगळ्यात कडक शॉकअप लाव. मी कुणापुढे वाकत नाही, माझी गाडीही खड्ड्यात वाकता कामा नये!"

सुगंधाला नकार देणं परवडणारं नव्हतं. नाही म्हणणाऱ्या एका मेकॅनिकचं दुकान यांनीच बंद पाडलं होतं. पण कडक गाडीत यांची पाठ मोडली, तरी दोष तिच्यावरच आला असता.

"साहेब," ती कशीबशी म्हणाली, "लावते. पण गाडी वाकली नाही, तर प्रत्येक खड्ड्यापुढे आतल्या माणसाला वाकावं लागतं."

धैर्यशीलरावांनी नकळत स्वतःची कंबर चाचपली.

"मऊ लाव," ते शेवटी पुटपुटले.

ते विचार बदलायच्या आत सुगंधा पाना घेऊन जीपखाली सरकली.