अकरा कवठं आणि एक बोचकं

"पण बाबा, जे माहीत नाही त्याला 'क्ष' म्हणायचं, एवढी साधी गोष्ट कळू नये या पोरांना?"

विश्वंभर तावातावानं बोलत होता. आता हा विश्वंभर म्हणजे काही साधासुधा मास्तर नव्हे हं! विद्यापीठात गणितात पहिला आलेला, आणि ते पहिलेपण अजून डोक्यातून उतरायचं होतं.

डोंगरावरच्या महादेवाच्या देवळात रामगीरबाबा अंगण झाडत होते. विश्वंभरला लहानपणी गणिताची गोडी लावली ती यांनीच.

"पाच जण आहेत बाबा. 'क्ष अधिक चार बरोबर अकरा', महिनाभर हेच घोकतोय. एकालाही जमेना. त्यांना पुढच्या वर्षीही सहावीतच ठेवतो. संध्याकाळी यादी हेडमास्तरांच्या हातात देणार."

"दे की."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"यादी तुझी. वाटायचं ते तुला वाटू दे."

मनातून विश्वंभरला बाबांचा रागच आला.

एवढ्यात पायऱ्या चढून गोदा वर आली. अकरा वर्षांची काटकुळी पोर, खांद्यावर कावड. शिवरात्र दोन दिवसांवर आलेली, म्हणून आईनं देवळासाठी कवठं धाडली होती. एका टोपलीत अकरा कवठं. दुसरीत एक घट्ट बांधलेलं बोचकं आणि वर चार कवठं. काठी कशी सरळ, आडवी! पोरीचा तोल जराही ढळत नव्हता.

यादीत पहिलं नाव हिचंच होतं.

पोर घामाघूम झालेली. विश्वंभरला दया आली. वाईट नव्हता हो तो. पुढे होऊन त्यानं बोचक्यावरची चारही कवठं उचलून घेतली.

झालं! कावड दुसरीकडे कलंडली. गोदा धडपडली, काठी सावरत ओरडली,

"अहो गुरुजी! एकाच बाजूचं काय काढता? तिकडचीपण चार काढा, पडेन ना मी!"

त्यानं घाईघाईनं दुसरीकडची चार काढली. काठी पुन्हा सरळ झाली.

बाबांनी केरसुणी बाजूला ठेवली.

"गोदे, बोचकं केवढं जड आहे गं?"

"सात कवठांएवढं."

"सोडून बघितलंस?"

"छे! आई म्हणाली, वाटेत सोडायचं नाही. आणि सोडायचं कशाला? समोर सात उरलीत की. खांदा सांगतोय ना, सारखंच आहे म्हणून."

"आत काय आहे?"

"मला काय ठाऊक?"

...

विश्वंभर तिच्याकडे बघतच राहिला. महिनाभर फळ्यावर घासून घासून खडू संपले होते, आणि ही पोर भर उन्हात डोंगर चढून आली, वर त्यालाच ओरडून शिकवून मोकळी झाली. केवढी हुशार पोर! त्याला स्वतःची लाज वाटली.

"उतरव गं बाई ती कावड," तो म्हणाला. "दमली असशील."

गोदानं कावड खाली ठेवली आणि पाणी प्यायला टाक्याकडे पळाली.

"बाबा, मी हिला मागे ठेवणार होतो..."

बाबांनी पुन्हा केरसुणी उचलली.

"यादी नाही देत मी. पाचही जणांना पुढे पाठवतो. सोमवारी वर्गात कावडच नेतो... सगळ्यांच्या खांद्यावर देतो."

"बरं."

...

तरीही विश्वंभरचा हात नकळत बोचक्याच्या गाठीकडे गेला. एकदा तराजूत घालून बघावं, खरंच सात भरतात का ते...

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"तिनं सांगितलं ना?"