मारुतीचं शुक्रवारचं तेल

खाडीकाठच्या तिळवलीत तेलाचा घाणा आता विजेवर चालतो. पण शुक्रवारी दिवेलागणीला त्याचं बटण बंद होतं, ते थेट रविवारी सकाळी सुरू. शनिवारी मारुतीला तेल घालायची रांग आणि त्याच दिवशी घाण्याला सुटी! पाहुणे हसतात. हसा, पण आधी ऐका.

फार मागे इथं हन्नाबाय नावाची शनवारतेलीण, म्हणजे शनिवार पाळणारी यहुदी तेलीण, राहायची. तिच्या वाडवडलांचं गलबत म्हणे याच किनाऱ्यावर फुटलं. पोथ्या गेल्या, बोली गेली. उरला एक रिवाज: शनिवारी काम नाही. चूलसुद्धा थंड.

गावचे खोत भिकाजी. मिशा मोठ्या, दम त्याहून मोठा. एका शनिवारी तिच्या दारात येऊन गरजले, "हन्नाबाय, मारुतीला ताजं तेल हवं. घाणा फिरव, नाहीतर सांजेच्या आत गाव सोड!"

नवरा गेलेला, पदरात दोन पोरी, गावाबाहेर ओळखीचं कुत्रंही नाही. पण हन्नाबाय उंबऱ्यावरून हलली नाही. "जायचं तर उद्या जाईन, खोत. आज गाठोडं बांधणंही कामच."

गाव फिसकन हसलं. खोत पेटले. त्यांनी स्वतः बैल जुंपला. बैल, असं सांगतात, एक फेरा व्हायच्या आत खाली बसला. शेपटी पिळली, तरी आपला रवंथ करतोय! मग खोतांनी जू स्वतःच्याच खांद्यावर घेतलं आणि गरागरा फिरले. घामाचे पाट वाहिले, तेलाचा थेंब नाही. घाण्यात तीळ घालायचेच राहिले होते. साऱ्या गावाला दिसत होतं, पण खोताला सांगतो कोण?

शेवटी भोवळ येऊन बसले, बैलाशेजारीच. हन्नाबायनं पाण्याचा तांब्या पुढं केला. म्हणाली, "कोपऱ्यात मडकं आहे. मारुतीचं तेल मी कालच काढून ठेवलंय. न्या."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही हुकूम केलात. विचारलंत कुठं? आमचं सगळं बुडालं, खोत. एवढा एक वार पोहून वर आला. तो कसा सोडू?"

खोतांच्या मिशा खाली आल्या. मडकं दोन्ही हातांनी उचलून ते देवळाकडे गेले, आणि पुढच्या शनिवारपासून अख्ख्या गावानं तो वार पाळला.

हन्नाबायचे वंशज कधीच दूरदेशी गेले. आजही शुक्रवारी उन्हं कलली, की खोतांच्या घरचं वडीलधारं माणूस तिच्या पडक्या जोत्यापुढं उभं राहून मोठ्यानं विचारतं, "हन्नाबाय, उद्या तुमचा वार ना?"

जरा वेळ थांबतं. मगच घाणा बंद होतो.