हातमोजे कोणी द्यायचे?

ज्या घराला मालक दोन, त्या घरात दाद कोणाकडे मागायची, सांगा बरं?

एका मोठ्या इस्पितळात शेवंताबाई ठेक्यावर झाडलोट करायच्या. कचऱ्यातली सुई टोचून त्यांची सोबतीण गिरजा अंथरुणाला खिळली, तेव्हा सगळ्या बायकांनी जाड हातमोजे मागितले. ठेकेदार म्हणाला, "इस्पितळाला सांगा." इस्पितळ म्हणालं, "ठेकेदाराला सांगा." शेवटी झाडू खाली ठेवून सगळ्या जणी इस्पितळाचे कारभारी मोहोळकर साहेब यांच्या दारात जाऊन बसल्या.

साहेब म्हणाले, "तुम्ही ठेकेदाराची माणसं. तुमचा आमचा संबंध काय?"

"काहीच नाही म्हणता?" शेवंताबाईंनी विचारलं.

"काडीचाही नाही. आणि आत्ता उठला नाहीत, तर उद्यापासून येऊ नका. काढून टाकलं मी तुम्हाला."

शेवंताबाई हळूच म्हणाल्या, "साहेब, शेजारणीच्या सुनेला कोणी माहेरी धाडत नाही. आम्हाला काढायचा हक्क तुमचा असेल, तर आम्ही तुमच्याच. मग मोजेही तुम्हीच द्या. आणि तुमच्या नसू, तर काढता कसे?"

बायका पदराआड हसल्या. दारातला शिपाईसुद्धा हसू दाबत भिंतीकडे बघू लागला. "बरं, मी काढत नाही," एवढंच साहेब म्हणाले आणि त्यांनी ठेकेदाराला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराने शेवंताबाईंना आणि त्यांच्या सोबतिणींना फाटकावरच अडवलं, आणि आत नव्या बायका उघड्या हातांनी कचरा उचलत होत्या.