खंड्या छाप मलमाचं गाणं

एका राज्यात एक भट्टी होती. तिचा विस्तव एकदा विझला की पुन्हा पेटणार नव्हता. त्या भट्टीवर पोळल्या-भाजल्याचं मलम शिजे. डबीवर निळा खंड्या पक्षी, म्हणून नाव खंड्या छाप. बाया खंड्याचं लांबलचक गाणं म्हणत मलम ढवळायच्या आणि गाणं संपलं की कढई उतरवायच्या, असा तिथला नेम. विक्रेतेही तेच गाणं म्हणत गल्ल्यांतून फिरायचे. सूर कानावर आला की लोक पोळलेले हात घेऊन दारात यायचे.

भट्टीचे मालक विसोबाकाका. त्यांची पुतणी उल्का. डबीचं झाकण गळतं, ते बदला, असं ती वर्षानुवर्षं सांगत होती.

"आमच्या आजोबांची डबी आहे," काका म्हणायचे.

"तेव्हापासूनच गळतेय," उल्का म्हणायची.

एके दिवशी मोहनाक्ष नावाचा जादूगार आला. त्याचा ढोल आपोआप वाजायचा.

"खंड्या जुना झाला," मोहनाक्ष म्हणाला. "मी सोनेरी सिंह देतो आणि चार शब्दांचं नवं गाणं देतो. बदल्यात जुनं गाणं मला द्यावं."

घरच्या पोरीचं एक अक्षर न ऐकलेल्या काकांनी परक्याचं सगळं ऐकलं. त्याच क्षणी साऱ्या डब्यांवरचे पक्षी उठले, सगळ्यांचा मिळून एकच खंड्या झाला आणि तो उडून गेला. ढोल वाजू लागला : सिंह लावा, दाह पळवा. ज्याच्या कानावर ते पडलं, तो जुनं गाणं विसरला. उल्काही विसरली. सोनेरी डब्यांसाठी दुकानांपुढे रांगा लागल्या. झाकण मात्र तेच होतं, गळकं.

मग मशाल पेटवताना राजाचा तळहात पोळला. मलम लावलं, पण फोड तसेच राहिले.

राजा म्हणाला, "अमावास्येपर्यंत गुण आला नाही, तर त्या भट्टीवर पाणी ओता."

"ढोल आणखी जोरात वाजवायला सांगतो," काका म्हणाले.

"काका, ढोल कानाला ऐकू येतो. राजाचा हात पोळलाय."

एवढं बोलून उल्का खंड्याला शोधत थेट तळ्यावर गेली. तिथे पाण्यात रोवलेल्या काठीवर खंड्या बसला होता.

"मलम कच्चं आहे," खंड्या म्हणाला. "पूर्वी गाणं संपेपर्यंत ते शिजायचं. आता चार शब्दांत उतरतं."

"मग म्हण ते गाणं."

"मी छाप आहे. म्हणायचं माणसांनी. गाण्याचे तीन तुकडे झालेत. पहिला तुकडा ढोलाचा आवाज पोचत नाही तिथे आहे, दुसरा मोहनाक्षाच्या माडीवर आणि तिसरा तुझ्या काकांच्या गळ्यात."

उल्का डोंगर चढत गेली. ढोलाचा आवाज मागे विरला, तिथे एक लोहारीण लेकराला जोजवत होती. ओठांवर खंड्याच्या गाण्याचा पहिला भाग होता. उल्काने तो ऐकला, पाठ केला आणि कानांत कापूस घालून उतरली.

मोहनाक्षाच्या माडीवर शेकडो मडकी टांगलेली होती. प्रत्येकात एकेका दुकानाचं चोरलेलं गाणं. रात्री ढोल थांबल्यावर उल्काने कापूस काढला, हातात मलम ढवळायची काठी धरली आणि एकेका मडक्याला कान लावला. काही गाणी फार गोड होती. पण त्यांवर हात हलला नाही. शेवटी एका भसाड्या सुरावर काठी आपोआप गोल फिरू लागली, कढईत फिरते तशी. तिने ते मडकं उचललं.

"काका, आता तुमची पाळी," ती भट्टीवर येऊन म्हणाली.

काकांनी तोंड उघडलं, पण सूर फुटेना. त्यांच्या खांद्यावर येऊन बसलेला खंड्या म्हणाला, "चूक अडकली आहे. ती आधी चारचौघांत बाहेर येऊ दे."

"चारचौघांत? या वयात?"

"भट्टी विझल्यावर तरी चारचौघांत काय सांगणार आहात?" उल्काने विचारलं.

काका बाजारात गेले, ओट्यावर चढले आणि म्हणाले, "लोकहो, आमचं मलम कच्चं आहे. सोनेरी डबीला मी भुललो. उल्का सांगत होती ते मी ऐकलं नाही."

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "फोड आम्हांला आले होते, विसोबा. कळलंच होतं."

लोक हसले, काकाही हसले, आणि हसता हसता गळ्यातून गाण्याचा तिसरा तुकडा बाहेर पडला. उल्काने पहिले दोन जोडले. ढोल मधोमध फाटला. बायांना सारं आठवलं आणि त्यांनी कढई चढवली. अमावास्येच्या सकाळी राजाने मूठ मिटून पाहिली, उघडून पाहिली आणि भट्टीला अभय दिलं. माडीवरची मडकी फुटून बाकीची गाणीही आपापल्या दुकानांत परतली.

मोहनाक्ष फाटका ढोल घेऊन निघाला होता. उल्काने त्याला अडवलं.

"चित्रं चांगली काढता. न गळणाऱ्या झाकणाची नवी डबी करायची आहे. तिच्यावर खंड्या काढाल?"

"पण आजोबांची डबी..." काकांनी सुरुवात केली आणि मध्येच थांबले.

नवी डबी तयार झाली तेव्हा काकांनी ती उलटी धरून जोरजोरात हलवली. थेंबही सांडला नाही. खंड्या झाकणावर उतरला, पंख मिटून चित्र झाला. ती भट्टी अजून धगधगते आहे, आणि गाणं संपल्याशिवाय तिथे कुणी कढईला हात लावत नाही.