कुरणवाडीचा डूगल

सन एकोणीसशे त्रेचाळीस. मार्गशीर्ष सरत आला होता. पंचगंगेच्या काठची गुऱ्हाळं पेटली होती. तेव्हाची ही गोष्ट. कुरणवाडीत ती तान्ह्या पोरालाही ठाऊक आहे.

डूगल रेनी स्कॉटलंडचा. तिकडं तो मोठ्या संघात फुटबॉल खेळायचा. लढाई पेटली, सामने थांबले आणि त्याच्या हाती बंदूक आली. त्याची पलटण आमच्या माळावरच्या छावणीत उतरली.

एकदा गायरानात खेळताना त्याचा गुडघा निसटला. तालमीचे वस्ताद बाळकू चौगुले यांनी त्याला खांद्यावर घातलं आणि तालमीत आणलं. गुडघा बसवला, हळद-तेल चोळलं, तांबड्या मातीत निजवलं. असं म्हणतात, त्यानं हूं की चूं केलं नाही.

बरा झाल्यावर तो खिशात हात घालू लागला. वस्तादांनी तो हात धरला.

"मातीचं देणं पैशानं फिटत नाही. ज्याला माती लागली, त्यानं तालमीच्या नावानं एकदा उतरायचं."

तेवढ्यात पौषातला फुटबॉलचा सामना आला. गायरान आमच्या आणि शेजारच्या पिंपरीच्या मधलं. जिंकेल त्या गावाची पोरं वर्षभर तिथं खेळणार, असा रिवाज. पिंपरीकर बरीच वर्षं जिंकत होते. अजून एकदा हरलो, तर गायरान कायमचं त्यांचं, असं पंचांसमोर ठरलेलं. आणि आमची पोरं पलटणीत गेलेली. अकरा काही भरेनात.

डूगल आला. वस्ताद म्हणाले, "तू नको. गुडघा कच्चा हाय."

डूगल मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "उधर मेरा खेल बंद. इधर खेलेगा."

खेळाआधी वस्तादांनी रिवाजाप्रमाणे तालमीची मूठभर माती मैदानावर टाकली. डूगलला वाटलं, आता सगळं गायरानच तालीम झालं, इथं पायताण चालायचं नाही. त्यानं बूट काढून बाजूला ठेवले. चूकच ती. पण आमच्यात दोघातिघांना बूट होते, त्यांनीही काढले.

पिंपरीकर बुटात. ते ओरडले, "ए पांढऱ्या कोंबड्या! काटं मोडतील, आयकडं जा!"

आमच्या बायका कमी नव्हत्या. "तुमीच बूट सांभाळा, पळताना लागतील!"

पाय सोलले, रक्त आलं. गोल कुणाचाच होईना. उन्हं कलली, तेव्हा चेंडू डूगलच्या पायाशी आला. वस्ताद ओरडले, "डाव्यानं, लेका, डाव्यानं!" त्यानं मारला तो दुखऱ्या उजव्यानंच.

असं म्हणतात, गोलकीपर चेंडूसकट मागं फेकला गेला. चेंडू नदी ओलांडून गुऱ्हाळाच्या उकळत्या रसाच्या काहिलीत पडला, आणि त्या दिवशीच्या गुळाच्या ढेपा चेंडूसारख्या गोल निघाल्या. खोटं वाटत असेल, तर पिंपरीत विचारा. तेही नाकारत नाहीत.

गायरान आमचं राहिलं. आजही हंगामाचा पहिला सामना कुरणवाडी अनवाणी खेळते. मुंबईहून आलेला असो की पैसेवाला, बूट बाहेर. पहिला गोल होतो, तो डूगलच्या नावानं.

सामन्याच्याच संध्याकाळी पलटणीच्या गाड्या बर्माच्या वाटेला लागायच्या होत्या. वस्तादांनी स्वतः त्याचे पाय धुतले, काटे काढले. डूगल उठला, त्यानं मातीला हात लावून तो कपाळी नेला.

वस्ताद म्हणाले, "फिटलं."